दोरा, १७ मिलिमीटर आणि पुस्तकांचं पहिलं कपाट

भाचीचा फोन आला तेव्हा तिचा आवाज रडवेला होता. "मावशी, कपाट वाकलंय. मधल्या फळ्यांना झोल आलाय आणि अख्खं कपाट हात लावला की डुलतं. माझा हातच अजून बसला नाही गं करवतीवर."

अडीच महिन्यांपूर्वी तिनेच मोठ्या उमेदीने या कपाटाचे फोटो पाठवले होते. त्याआधी वर्षभरात तिने एक स्टूल आणि चपलांची एक छोटी मांडणी केली होती, दोन्ही ठणठणीत. हे तिचं पहिलं मोठं काम. मी गेले, पाहिलं, आणि पुढचे काही शनिवार-रविवार आम्ही दोघींनी मिळून ते दुरुस्त केलं. त्या दुरुस्तीची ही सगळी हकीकत सविस्तर लिहून ठेवते आहे. नवीन शिकणारी माणसं बहुतेक वेळा जिथे दोष शोधतात तिथे तो नव्हता, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

काय बनवलं होतं

खोलीत एका बाजूला खांब आणि दुसऱ्या बाजूला भिंत, मध्ये जेमतेम हातभर खोल अशी मोकळी जागा. तयार कपाट तिथे कधीच नीट बसलं नसतं, म्हणूनच तिने स्वतः करायचं ठरवलं. उंची २१०० मिमी. खाली जमिनीपासून थोडी उचललेली तळफळी, त्यावर एक फळी, मग १०५० मिमी उंचीवर पुढे आलेली एक रुंद फळी, त्यावर आणखी दोन फळ्या आणि शेवटी माथा. ती रुंद फळी म्हणजे या कपाटाचा जीव. भाचीला उभं राहून टिपणं काढायची सवय आहे. भिंतीला पाठ लावून, हात कोपरात दुमडून तिने स्वतःच्या कोपराची उंची मोजली आणि त्याच्या किंचित खाली ही फळी घेतली. बाकीच्या फळ्या २८० मिमी खोल, ही ४२० मिमी. हा विचार मला फार आवडला. दुकानातल्या कुठल्याही कपाटाने तिच्या कोपराची उंची विचारली नसती.

बाजू, माथा, तळ आणि साध्या फळ्या १८ मिमी जाडीच्या लॅमिनेट लावलेल्या पार्टिकल बोर्डाच्या. लिहिण्याची फळी मात्र भरीव लाकडाची, तीन फळ्या कडेला कड चिकटवून केलेली, २५ मिमी जाड. मध्ये उभी फळी नाही, पाठीला काही नाही. "मागची भिंत मी रंगवली होती ना, ती दिसायला हवी होती," ती म्हणाली. सगळे सांधे साधे: फळीचं टोक बाजूला टेकवायचं आणि बाहेरून स्क्रू मारायचे, टोकाला तीन.

आधी मापं

मी आल्याआल्या काहीच उघडलं नाही. पुस्तकं होती तशी राहू दिली आणि एक दोरा मागितला. सर्वात जास्त वाकलेल्या फळीच्या वरच्या अंगाला, पुढच्या कडेलगत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणून धरला. टोकांना दोरा फळीला टेकलेला होता, मध्यावर फळी दोऱ्याच्या १७ मिमी खाली आली होती. डोळ्यांनी नुसतं पाहिलं की "खूप वाकलंय" एवढंच कळतं. दोऱ्याने आकडा मिळतो, आणि आकडा मिळाला की दुरुस्तीनंतर तुलना करता येते.

मग त्या फळीवरची पुस्तकं उतरवून वजनकाट्यावर थोडी थोडी ठेवत गेलो. एकूण ३१ किलो. भाची काट्याकडे बघतच राहिली. कपाटाचं चित्र काढताना तिने रंग ठरवला होता, कडांची गोलाई ठरवली होती, पण फळीवर किती वजन येणार हे एकदाही मोजलं नव्हतं. चार फळ्यांवर मिळून सव्वाशे किलोच्या घरात पुस्तकं होती.

तिसरं माप कर्णांचं. कपाटाच्या समोरच्या तोंडावर, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत टेप धरला: २४१९ मिमी. दुसरा कर्ण: २४०८. काटकोन चौकोनाचे दोन्ही कर्ण सारखे असतात. इथे ११ मिमीचा फरक होता, म्हणजे कपाट एका अंगाला कललं होतं. ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडून पाहिला तर माथा तळाच्या मानाने साधारण तेवढाच सरकलेला.

आणि चौथं माप मी तिच्यासाठी घेतलं, कपाटासाठी नव्हे. फळ्यांची लांबी. सगळ्या ११५४, एखादी ११५३. कापलेल्या कडेला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं साधन, लावला तर उजेड आरपार दिसत नव्हता. वर्षभराच्या शिकाऊ हाताला हे काम उत्तम होतं. "हात बसला नाही म्हणालीस ना? हे बघ," म्हणून गुण्या तिच्याच हातात दिला. तिने प्रत्येक टोकाला लावून पाहिला. त्यानंतर हातांचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

झोल का आला

आडव्या फळीचं वाकणं चार गोष्टींवर ठरतं: वजन, जाडी, आधारांमधलं अंतर आणि लाकडाचा स्वतःचा ताठपणा. यातलं अंतर सगळ्यांत जास्त नडतं. एकच ठरावीक वजन मध्ये ठेवलं तर अंतर दुप्पट केल्यावर वाक आठपट होतो. पण पुस्तकांच्या फळीचं दुखणं याहून मोठं, कारण फळी लांब केली की तिच्यावर पुस्तकंही वाढतात. त्यामुळे अंतर दुप्पट केलं की वाक सोळापट. जाडीचा हिशोब उलटा: जाडी दुप्पट, तर वाक आठव्या हिश्श्यावर.

पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचे बारीक कण गोंदात दाबून केलेला तक्ता. त्यात लांब तंतू नाहीत, म्हणून त्याचा ताठपणा चांगल्या भरीव लाकडाच्या साधारण चौथा हिस्सा. प्लायवूड त्याच्या दोन-अडीचपट ताठ. आम्ही कागदावर हिशोब केला: १८ मिमी जाड, २८० मिमी खोल, ११५४ मिमी लांब पार्टिकल बोर्ड, दोन्ही टोकांना नुसता टेकलेला, वर ३१ किलो. उत्तर आलं सुमारे १८ मिमी. दोऱ्याने दाखवले १७.

"पण पहिल्या आठवड्यात तर सरळ वाटत होतं," ती म्हणाली. तेही खरं होतं. सुरुवातीला स्क्रूंनी टोकं घट्ट धरली होती, आणि टोकं आवळून धरलेली फळी नुसत्या टेकलेल्या फळीपेक्षा बरीच कमी वाकते. पण मग तो सगळा पीळ टोकांवर, म्हणजे स्क्रूंवर येतो. हे स्क्रू बोर्डाच्या कडेत घुसलेले होते, आणि पार्टिकल बोर्डाची कड ही त्याची सर्वांत दुबळी जागा. वरचा-खालचा थर दाट असतो, मधला भुसभुशीत. स्क्रूच्या आट्यांनी तो मधला भुगा कुरतडला, भोकं सैल झाली, टोकं मोकळी झाली आणि फळी मनसोक्त वाकली. शिवाय लाकूड आणि त्यातही पार्टिकल बोर्ड सततच्या वजनाखाली महिनोन्‌महिने हळूहळू आणखी वाकत राहतो. पहिल्या दिवशी जेवढा वाक, त्याच्या दुपटीपर्यंत किंवा पुढेही तो जाऊ शकतो. म्हणून पहिल्या दिवशी सरळ दिसलेल्या फळीवर विश्वास ठेवता येत नाही.

डुलण्याचं कारण वेगळं. चार पट्ट्या कोपऱ्यांत एकेका स्क्रूने जोडून चौकोन केला आणि एका कोपऱ्याला ढकललं तर तो लगेच तिरपा होतो. तीन पट्ट्यांचा त्रिकोण मात्र हलत नाही. पाठीला लावलेला पातळ तक्ता चौकोनाला नेमकं हेच देतो: त्यातून कुठलाही कर्ण लांबू शकत नाही. भाचीने पाठ गाळली ती भिंतीच्या रंगासाठी, पण तिच्याबरोबर कपाटाचा काटकोन टिकवणारी एकमेव गोष्टही गेली.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती ऐकून माझ्या पोटात गोळा आला होता. इतकं उंच कपाट भिंतीला कुठेही बांधलेलं नव्हतं. त्यात पुढे आलेली फळी, जिच्यावर माणूस कोपरं टेकून रेलणार. कुणी लहान मूल खालच्या फळीवर पाय देऊन चढलं असतं तर? दुरुस्तीचा बाकी काही विचार करण्याआधी त्या पहिल्याच दुपारी आम्ही वरची पुस्तकं खाली उतरवली आणि माथ्याला दोन तात्पुरते लोखंडी कोन लावून ते भिंतीत प्लग ठोकून आवळले.

जागेचं माप एकाच ठिकाणी

कपाट ११९० मिमी रुंद, आणि दोन्ही बाजूंना भिंतीपर्यंत बोट जाईल अशी फट. "जागेला मापून केलं म्हणाली होतीस ना?" मी विचारलं. मग तिने सांगितलं. तिने जमिनीजवळ माप घेतलं होतं, १२१४ मिमी, आणि कपाट १२१२ चं केलं. ते वर अडकलं, कारण माथ्याजवळ जागा १२०३ च होती, मध्ये १२०९. मग खोलून सगळ्या फळ्या पुन्हा कापल्या, आणि या वेळी अडकायला नको म्हणून जरा जास्तच.

भिंती ओळंब्यात नसतात, खांब काटकोनात नसतात, जमीन पाणसळीत, म्हणजे समतल, नसते. सरळ वाटणाऱ्या खोलीतही हे निघतं. म्हणून रुंदी तळाला, मध्ये आणि माथ्याला, शिवाय पुढच्या आणि मागच्या अंगाला घ्यायची आणि सर्वांत लहान माप धरायचं. त्याहूनही लहान, १०-१५ मिमी कमी सांगाडा करायचा आणि उरलेली फट पुढून लावलेल्या वेगळ्या पट्टीने झाकायची. ही पट्टी आधी रुंद ठेवतात. ती ओळंब्यात उभी धरून, कंपासचं एक टोक भिंतीवर फिरवत, दुसऱ्या टोकाच्या पेन्सिलने भिंतीचा सगळा चढउतार पट्टीवर उतरवून घेतात. त्या रेघेवर कापून रंध्याने साफ केली की पट्टी भिंतीला चिकटून बसते. हे काम आम्ही शेवटी केलं आणि मला वाटतं सगळ्या दुरुस्तीत भाचीला सर्वांत जास्त आनंद याच कामात झाला. भिंतीचं पोट आपल्या फळीवर उतरताना बघणं खरंच सुंदर असतं.

उपाय निवडताना

तिला मध्ये उभी फळी नको होती. मोकळेपणा हाच तिच्या चित्राचा आत्मा होता आणि तो मला मोडायचा नव्हता. म्हणून आम्ही उभ्या फळीशिवायचे उपाय आधी तपासले. प्रत्येक फळीला आणखी एक १८ मिमीचा थर चिकटवला तर ताठपणा आठपट होईल, पण लॅमिनेटवर पांढरा गोंद धरत नाही, ते सगळं खरवडावं लागेल, आणि कपाट दुप्पट जड. प्लायच्या नव्या फळ्या केल्या तरी या लांबीत वाक ७ मिमीच्या आसपास राहील. डोळ्याला मीटरमागे पावणेदोन मिमीचा वाकही जाणवतो. तेव्हा तोही उपाय अपुरा.

पुढच्या कडेला भरीव लाकडाची पट्टी उभी लावणं हा जुना आणि फार परिणामकारक उपाय. १८ मिमी जाड, ३८ मिमी उंच पट्टी. पट्टी उभी असल्याने तिची उंची कामाला येते. एवढ्याशा लाकडाने ही फळी साडेतीनपट ताठ होते. पण पूर्ण लांबीला तेही कमी पडत होतं: १८ भागिले साडेतीन, म्हणजे पाच मिमी.

तेव्हा उभी फळी घ्यायचं ठरलं, पण कशी? भाचीने एक कल्पना काढली: प्रत्येक कप्प्यात उभी फळी वेगवेगळ्या जागी, एकीकडे डावीकडे, एकीकडे उजवीकडे. दिसायला छान. मी लगेच नाही म्हटलं नाही. जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून आम्ही टेबलावर छोटा नमुना उभा केला आणि वरून बोटाने दाबलं. वरची उभी पट्टी खालच्या फळीच्या बरोबर मध्यावर उभी होती, त्यामुळे वरचं सगळं वजन तिने खालच्या फळीच्या पोटात घातलं. खालची फळी पूर्वीपेक्षा जास्त वाकली. तिच्या तोंडून आपोआप "अगं हो!" निघालं. वजनाला जमिनीपर्यंत सरळ वाट लागते. उभे तुकडे एकाखाली एक, एका रेषेत हवेत.

मग ती रेषा कुठे? बरोबर मध्ये घेतली तर दोन्हीकडे अंतर निम्मं होऊन वाक सोळाव्या हिश्श्यावर, साधारण १ मिमीवर आला असता. पण लिहिण्याच्या फळीवर वही आणि शेजारी उघडं पुस्तक मावायला तिला ६७० मिमी तरी सलग जागा हवी होती. म्हणून रेषा एका बाजूला सरकवली: ६७६ आणि ४६० मिमीचे कप्पे. ६७६ च्या कप्प्यात फळीचा वाक हिशोबाने २ मिमी, पुढची पट्टी लावली की अर्ध्या मिमीच्या जरा वर. काळाने तो दुप्पट झाला तरी डोळ्याला कळणार नाही. आणि सर्वांत वरच्या कप्प्यात उभी फळी घातलीच नाही, कारण माथ्यावर काही वजन नाही. तो कप्पा भिंतीपासून खांबापर्यंत सलग मोकळा राहिला. तिला हवा होता तो मोकळेपणा तिथे मिळाला.

प्रत्यक्ष काम

सगळं कपाट रिकामं करून साध्या फळ्या काढल्या आणि त्या उलट्या केल्या. वाकलेल्या फळीचं पोट वर आलं. आता पुस्तकांचं वजनच तिला परत सरळ करायला मदत करणार होतं. पूर्ण सरळ नाही होत, पण बरंच होतं.

सैल झालेल्या स्क्रूच्या भोकांचा नाद सोडला. त्याऐवजी प्रत्येक फळीच्या टोकाखाली, बाजूच्या आतल्या अंगाला, १८ बाय २५ मिमीची लाकडी पट्टी बसवली आणि फळी तिच्यावर टेकवली. या पट्टीचे स्क्रू बोर्डाच्या दाट पृष्ठभागातून जातात, कडेतून नाही, म्हणून धरतात. स्क्रू ३० मिमीचे: १८ पट्टीत, १२ बोर्डात. ३५ किंवा ४० चे घेतले असते तर टोक दुसऱ्या बाजूने बाहेर आलं असतं किंवा लॅमिनेटवर फोड आली असती. स्क्रूची लांबी अशी बेरीज करूनच घ्यावी. प्रत्येक स्क्रूआधी बारीक भोक पाडलं, आणि शेवटचे आटे हातानेच आवळले. ड्रिलने आवळताना पार्टिकल बोर्डात स्क्रू एका क्षणात गोल फिरायला लागतो आणि मग ते भोक वाया.

उभ्या तुकड्यांची मापं घेताना टेप वापरला नाही. दोन पातळ काठ्या एकमेकींवर ठेवून, वरच्या आणि खालच्या फळीला भिडेपर्यंत सरकवायच्या आणि तिथेच पक्क्या धरायच्या. हे झालं नेमकं माप, आकडा वाचण्यातली चूक नाही. माप घ्यायचं ते फळीच्या टोकाजवळ, बाजूला लागून. मध्यावर घेतलं असतं तर झोलासकट माप आलं असतं आणि झोल कायमचा कपाटात बसला असता. तुकडा कापताना रेघेच्या कुठल्या अंगाला करवत चालवायची हेही आधी ठरवलं, कारण करवतीचं पातं २-३ मिमी लाकूड खातं. रेघेवरच कापलं तर तुकडा तेवढा आखूड.

शेवटचा उभा तुकडा तळफळीवर आला आणि भाची खूश झाली. मी विचारलं, "आणि तळफळीखाली काय आहे?" खाली पोकळी होती. चारही तुकड्यांतून उतरणारं निम्म्याहून जास्त वजन त्या पोकळीवरच्या १८ मिमी बोर्डावर येणार होतं. तिने स्वतःच एक ठोकळा कापला, जमिनीपासून तळफळीपर्यंत मोजून, आणि उभ्या रेषेच्या बरोबर खाली ठोकला. जमीन एका बाजूला ४ मिमी उतरती होती. तिथे पातळ पाचरी सारून कपाट पाणसळीत आणलं.

पाठीला ६ मिमी प्लाय. तो लावण्याआधी कपाट कर्णांनी काटकोनात आणलं: लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांना क्लॅम्प लावून हळूहळू आवळत गेलो, दोन्ही कर्ण २४१३ वर आल्यावर थांबलो. मग प्लाय ठेवून दर १५० मिमीवर स्क्रू, कडेला आणि प्रत्येक फळीच्या मागेही. क्लॅम्प सोडल्यावर पुन्हा मोजलं, एक मिमीचा फरक. पाठीच्या प्लायला तिने भिंतीचाच उरलेला रंग दिला. लावल्यावर समोरून बघणाऱ्याला ती भिंतच वाटते. इतके दिवस ज्या रंगासाठी पाठ गाळली होती तो रंग पाठीवरच आला.

पुढच्या पट्ट्या लावताना बोर्डाच्या कडेवर चिकटवलेली पातळ पट्टी आधी सोलून काढली, म्हणजे गोंद उघड्या कणांत मुरतो. कणाकणाचा भुगा उडतो तेव्हा तोंडाला मास्क आणि डोळ्याला चष्मा हवाच, विशेषतः पॉलिश पेपर मारताना.

लिहिण्याची फळी

या फळीचं दुखणं बाकीच्यांसारखं नव्हतं. ती वाकली नव्हती. तिच्या एका टोकाला, रेषांच्या दिशेने, १३० मिमी लांब चीर गेली होती. तीन फळ्या जोडलेल्या सांध्यात नाही, अखंड लाकडात. म्हणजे चिकटवणं भक्कम झालं होतं.

कारण खालच्या बाजूला होतं. फळी सरळ राहावी म्हणून तिने खाली दोन आडव्या पट्ट्या भरपूर गोंद लावून आणि स्क्रू मारून पक्क्या केल्या होत्या. आता भरीव लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, आणि त्याप्रमाणे फुगतं, आकसतं. रेषांच्या लांबीत हा बदल जवळजवळ नसतो. रुंदीत मात्र लाकडातला ओलावा १ टक्क्याने बदलला तर रुंदी साधारण पाव टक्क्याने बदलते. ४२० मिमी रुंद फळीत ओलावा ४ टक्क्यांनी उतरला तर ती ४ मिमी आकसते. खालच्या पट्टीचं लाकूड मात्र आडवं, त्याच दिशेने त्याची लांबी, म्हणून ती आकसत नाही. फळीला लहान व्हायचं होतं आणि पट्टीने होऊ दिलं नाही. लाकडाने मग चिरून वाट केली.

भाचीला हे सर्वांत जास्त लागलं. "मी तर जास्त मजबूत करायला गेले होते." गोंद जास्त म्हणजे मजबुती जास्त हे आपल्याला मनोमन पटलेलं असतं. भरीव लाकडात आडव्या दिशेला लावलेला गोंद घातच करतो. पार्टिकल बोर्ड आणि प्लायला हा त्रास फारसा नाही. त्या बाबतीत ती गरीब जात जास्त शांत आहे.

पट्ट्या पटाशीने सोडवल्या, गोंद खरवडला. पट्टीत मधल्या स्क्रूचं भोक गोल ठेवलं आणि बाहेरच्या स्क्रूंची भोकं पट्टीच्या लांबीत लांबट केली, म्हणजे स्क्रू पट्टीत मागेपुढे सरकू शकतो. गोंद अजिबात नाही. स्क्रूखाली वॉशर, आणि आवळून पुन्हा पाव फेरा सैल. फळी कपाटाच्या बाजूंनाही तशीच धरली: पुढचा स्क्रू पक्का, मागचा लांबट भोकात. आता ती मागे-पुढे श्वास घेऊ शकते आणि तरी सपाट राहते. फळीच्या खालच्या अंगाला तेलाचा हात दिलेलाच नव्हता, फक्त वर दिला होता. तोही दिला, दोन्ही अंगांनी ओलावा सारखाच आत-बाहेर व्हावा म्हणून.

शेवटी तात्पुरत्या कोनांच्या जागी माथ्याशी पक्के कोन लावले, भिंतीत खोल प्लगांसह.

पाच महिन्यांनी

पुस्तकं पुन्हा लावली, या वेळी जड कोश खालच्या फळ्यांवर आणि अरुंद कप्प्यात. पाच महिन्यांनी मी गेले तेव्हा दोरा भाचीनेच काढून ठेवला होता. ६७६ च्या कप्प्यांत दोन फळ्यांवर १ मिमी, सगळ्यात जास्त वाकलेल्या त्या फळीवर २. तिचा जुना झोल पूर्ण गेलेला नाही आणि मला वाटत नाही तो आता जाईल. अरुंद कप्प्यात दोरा आणि फळी यांच्यात कागदही जात नाही. कर्णांत अजून तो एकच मिमी.

चुकलेलं एक राहिलं: खांबाच्या बाजूची झाकपट्टी वरच्या टोकाला ३ मिमी उघडी आहे, तिथे कंपास हातात जरा हलला होता. ती नवीन करायची आहे. भाचीने पुढच्या कामाचा, खिडकीखालच्या बैठ्या कपाटाचा, कागद दाखवला. त्यावर चित्राआधी वजनांची यादी होती आणि रुंदीची तीन मापं, तळ, मध्य, माथा. चित्र अजून अर्धंच काढलं होतं.

लिहिण्याच्या फळीतली चीर आम्ही भरली नाही. तिने एकदा लुकण भरायला काढलं होतं, मी थांबवलं. हवा दमट झाली की फळी फुगून ती चीर मिटते. भरलेलं असतं तर लाकडाला परत यायला जागा उरली नसती आणि शेजारी दुसरी गेली असती. मी गेले त्या दिवशी ती जवळजवळ बंद होती. बोट फिरवल्यावरच कळत होती.